मॅडम, जरा मेकॅनिकला द्या ना

आमच्या ऑफिसात गाडी एकही नाही, पाना नाही, ग्रीसचा डाग नाही. गोव्यात पर्वरीला हायवेच्या कडेला बिल्डिंग, आत एसी, ओळीने डेस्क, प्रत्येकाच्या डोक्यावर हेडसेट, आणि खिडकीतून खाली बघितलं की उड्डाणपुलाच्या कामात तुंबलेली ट्रॅफिक. काम काय, तर बंद पडलेल्या गाडीला काय झालंय ते फोनवरून शोधायचं. गाडी जालन्यात असते नाहीतर कणकवलीच्या पुढे कुठेतरी, ड्रायव्हर तिच्या शेजारी उन्हात उभा असतो आणि मी इथे बसून त्याला विचारत असते की काका, बॉनेट उघडलंत का.

मराठी कॉल सगळे माझ्या लाईनला येतात. विदर्भातला म्हणतो, ‘सुरूच नाही होऊन रायली ना मॅडम’, कोल्हापूरचा म्हणतो, ‘सुरूच हुईना झालीया बघा’, कुडाळचा म्हणतो, ‘चालूच होणा नाय’, आणि आपला फोंड्या-डिचोलीचा कोणी लागला की माझा आवाज ऐकून दुसऱ्याच वाक्याला कोंकणीवर येतो, ‘स्टार्ट जायना गो बाय’. हे झालं की पुढचं वाक्य मात्र सगळ्यांचं एकच. ‘मॅडम, जरा मेकॅनिकला द्या ना.’

सुरुवातीला राग यायचा. आता येत नाही, कारण त्याच्या जागी मी असते तर मीही हेच म्हटलं असतं. ट्रकमध्ये माल, मालकाचा दर पंधरा मिनिटांनी फोन, आणि इकडे एक बाई गोड आवाजात ‘आपली कशी मदत करू शकते’ विचारतेय. मी एवढंच म्हणते, ‘दादा, मेकॅनिक मीच आहे, चाकाला दगड लावलाय का ते आधी सांगा.’ ह्या प्रश्नाने निम्मे लोक गप्प होतात. कारण लावलेला नसतो.

पहिला प्रश्न हाच असतो, गाडी कुठे उभी आहे आणि माणसं कुठे आहेत. फॉल्ट नंतर. ट्रँगल काढून मागे लांब ठेवा, ट्रँगल हरवला असेल (असतोच) तर झाडाची फांदी चालेल, माणसं रस्त्यापासून लांब उभी करा, आणि जाताना तो दगड आठवणीने उचला. आपल्याकडे गाडी दुरुस्त होऊन निघून जाते आणि दगड तिथेच राहतो, मग रात्री कोणीतरी बाईकवाला त्याच्यावर जातो. हे स्क्रिप्टमध्ये नाहीये, मी माझं घातलंय.

मग ‘सुरू होत नाही’. ह्या तीन शब्दांत निदान तीन वेगवेगळे रोग असतात आणि ते आवाजावरून वेगळे होतात. चावी फिरवली की काहीच आवाज नाही, हा एक. टिक-टिक-टिक-टिक असा भराभर आवाज येतो, हा दुसरा. आणि इंजिन फिरतं, घरघर करतं, पण पकडत नाही, हा तिसरा. टिकटिक म्हणजे बहुतेक वेळा बॅटरी उतरलीय, सोलेनॉइड (स्टार्टरला करंट जोडणारा स्विच) ओढायचा प्रयत्न करतो, व्होल्टेज पडतं, सुटतो, परत ओढतो, त्याचा तो आवाज. काहीच आवाज नसेल तर मी हेडलाईट लावायला सांगते आणि दिव्याकडे बघत बघत सेल्फ मारायला सांगते. दिवा पार मंद झाला तर करंट कुठेतरी अडतोय, बॅटरी नाहीतर टर्मिनल. दिवा तसाच लख्ख राहिला तर स्टार्टरपर्यंत काही पोचतच नाहीये, म्हणजे रिले (थोड्या करंटवर मोठा करंट चालू करणारा डबीसारखा स्विच), क्लचचा स्विच, ऑटोमॅटिक असेल तर गिअर पी नाहीतर एनमध्ये नाही, असलं काहीतरी. एका दिव्यावर एवढं कळतं. आणि गोव्यातली किंवा किनारपट्टीची गाडी असेल तर मी सरळ विचारते, बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशीसारखी पावडर आहे का, हाताने हलवलं तर टर्मिनल हलतं का. खारा वारा आणि चार महिने पाऊस, टर्मिनलचं दुसरं काय होणार. कडक पाणी ओतून घासलं, घट्ट बसवलं की कित्येक गाड्या तिथेच सुरू होतात आणि टोचन करून न्यायचा खर्च वाचतो.

हे सगळं मी ट्रेनिंगमध्ये शिकले असं ऑफिसात सगळ्यांना वाटतं. ट्रेनिंग होतं, नाही असं नाही, पण माझ्या बाबांचं तिस्क-उसगावला गॅरेज होतं. खाणीचे टिप्पर. त्या दिवसांत तिस्कावरून जाणारे टिप्पर ज्यांनी बघितलेत त्यांना सांगायला नको, सकाळपासून लाल धूळ आणि एकामागोमाग एक ट्रक, खाणीवरून जेटीवर आणि जेटीवरून परत खाणीवर. ट्रक थांबला की ट्रिप बुडते, ट्रिप बुडली की पैसे बुडतात, म्हणून मालक लोक खाणीवरच्या ऑफिसातून आमच्या घरच्या लँडलाईनला फोन करायचे आणि बाबा जेवता जेवता उठून विचारायचे, ‘धूर कसला आहे?’

एवढंच. धूर कसला. काळा असेल तर डिझेल जास्त आणि हवा कमी, एअर फिल्टर चोक नाहीतर टर्बोचा पाईप सुटलेला नाहीतर नोझल गळतंय. निळा असेल तर ऑईल जळतंय, रिंगा गेल्या नाहीतर टर्बोचं सील. पांढरा असेल तर सकाळचा आहे की दिवसभर, सकाळी येऊन गरम झाल्यावर जात असेल तर इतकं काही नाही, पण सतत येत असेल आणि रेडिएटरचं पाणी कमी होत असेल तर गॅसकेट उडालं. फोन ठेवून बाबा भाताशी परत बसायचे आणि कोणाला तरी सांगायचे, गॅसकेट घेऊन जा रे. बहुतेक वेळा गॅसकेटच असायचं. २०१२ ला खाण बंद पडली, मधे थोडी सुरू झाली, मग २०१८ ला सुप्रीम कोर्टाने ८८ लीजांचं नूतनीकरण रद्द केल्यावर परत ठप्प, आणि त्यात गॅरेजही गेलं. तो वेगळा विषय आहे, त्याच्यावर लिहायला बसले तर हा लेख बाजूला राहील.

मुद्दा असा की फोनवरून गाडी तपासणं ही काही आजची गोष्ट नाही. अमेरिकेत बॉस्टनच्या एका रेडिओ स्टेशनवर १९७७ पासून दोन भाऊ हेच करायचे, दोघेही एमआयटीचे शिकलेले आणि धंद्याने गॅरेजवाले, लोक फोन करून गाडीचा आवाज तोंडाने काढून दाखवायचे आणि हे दोघे हसून लोळत फॉल्ट सांगायचे. ‘कार टॉक’ त्या कार्यक्रमाचं नाव, पुढे देशभर ऐकला जायचा. तोंडाने आवाज काढणं ह्याला हसू नका. खरी गोष्ट आहे, मोबाईल इंजिनाजवळ धरून आवाज ऐकवण्यापेक्षा माणसाने तोंडाने काढलेला आवाज जास्त कामाचा असतो. फोनमधलं सॉफ्टवेअर इंजिनाचा आवाज म्हणजे गोंगाट समजून तो दाबून टाकतं, शिवाय खालच्या पट्टीतले धप्प-धप्प आवाज फोनवर नीट येतच नाहीत. पण ड्रायव्हर जेव्हा ‘खट… खट… खट, आणि मग स्पीड धरला की खटखटखट’ असं करतो तेव्हा त्याने लय बरोबर पकडलेली असते, आणि मला लयच हवी असते. आवाज इंजिनाबरोबर वाढतो की चाकाबरोबर? न्यूट्रल करून गाडी नुसती सोडली तर येतो का? डावीकडे वळताना वाढतो आणि उजवीकडे कमी होतो का? मोठमोठ्या मिशावाले काका मला फोनवर ‘घुंऽऽऽव, घुंऽऽऽव’ करून दाखवतात आणि मी मान डोलावत टाईप करते, उजव्या पुढच्या चाकाचं बेअरिंग.

आता गंमत बघा. बाबांचा तो धुराचा प्रश्न आज मी विचारू शकत नाही. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६, म्हणजे गाडीच्या धुराचे नवे कडक नियम, आले आणि डिझेल गाडीच्या सायलेन्सरमध्ये काजळी पकडणारा फिल्टर बसला, त्यालाच डीपीएफ म्हणतात. आत काही बिघडलं तरी काळा धूर बाहेर येतच नाही, फिल्टरमध्ये साठतो. चांगलंच आहे, मुलांच्या फुफ्फुसात जाण्यापेक्षा तिथे साठलेला बरा. पण ड्रायव्हरला दिसायची गोष्ट एक गेली. इंजिनावर प्लॅस्टिकचं कव्हर, केबिनला साऊंडप्रूफिंग, म्हणजे ऐकू यायची गोष्ट गेली. अॅक्सिलरेटरला केबल नाही, सेन्सर आहे, म्हणजे पायाला कळायची गोष्टपण गेली. त्याच्यासमोर उरली एक पिवळी लाईट, इंजिनाच्या आकाराची, जी काय झालंय ते सांगत नाही.

आणि मला मात्र सगळं कळतं. गाडीत सिम आहे. त्याचा फोन माझ्याकडे लागायच्या आधी माझ्या स्क्रीनवर गाडी कुठे उभी आहे, पाणी किती तापलंय, बॅटरी किती व्होल्ट, टाकीत डिझेल किती, आणि कोड, म्हणजे गाडीनेच नोंदवलेला फॉल्टचा नंबर. कोडची भाषा जगभर साधारण सारखी, अमेरिकेत १९९६ ला सगळ्या नव्या गाड्यांना एकाच तऱ्हेचं सोळा पिनांचं सॉकेट सक्तीचं झालं तिथून ती पक्की झाली. पी म्हणजे इंजिन-गिअरबॉक्स, सी म्हणजे ब्रेक-स्टिअरिंगकडचं, बी म्हणजे बॉडी, यू म्हणजे गाडीतले कॉम्प्युटर आपसात बोलत नाहीयेत. पी०३३५ आला की क्रँक सेन्सर, पी००८७ आला की डिझेलच्या रेलमध्ये, म्हणजे सगळ्या नोझलना डिझेल देणाऱ्या सामाईक नळीत, प्रेशर कमी. पूर्वी गाडी आपली तक्रार चालवणाऱ्याकडे करायची. आता त्याच्या डोक्यावरून, तीनशे-चारशे किलोमीटर लांब, माझ्याकडे करते, आणि तो बिचारा फोन करून मला विचारतो की माझ्या गाडीला काय झालंय. वीस वर्षं ट्रक चालवलेला माणूस. मला हे अजून पचलेलं नाही.

बरं, कोड म्हणजे उत्तर नव्हे, हे आमच्याच नवीन पोरांना समजावता समजावता नाकी नऊ येतात. पी००८७ चा अर्थ प्रेशर कमी आहे एवढाच. का कमी आहे ते कोड सांगत नाही. फिल्टर चोक असेल, डिझेलमध्ये पाणी असेल, पाईपला चीर पडून एअर पकडली असेल, पंप गेला असेल, किंवा टाकीत डिझेलच नसेल आणि काटा खोटं बोलत असेल. आणि एकाच वेळी पाच-सहा कोड आले, त्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, एक ब्रेकचा, एक एअरबॅगचा, दोन ‘यू’ चे, तर सहा पार्ट गेलेत असं कधीच नसतं. आधी बॅटरीचं व्होल्टेज बघायचं, मग अर्थिंगची वायर, मग उंदीर. हसू नका, पावसाळ्यात घरामागे फणसाखाली चार दिवस उभ्या राहिलेल्या गाडीचं वायरिंग उंदीर कुरतडतात ही आमच्याकडची नेहमीची केस आहे. स्क्रीनवर ते ‘नेटवर्क कम्युनिकेशन फॉल्ट’ म्हणून येतं आणि बॉनेट उघडलं की आत लेंड्या.

म्हणजे शेवटी डोळे त्याचेच लागतात. स्क्रीन मला कुठे दुखतंय ते सांगते, पण वायर कुरतडलीय की ढिली आहे की ओली आहे ते तोच बघू शकतो. माझं कौशल्य म्हणाल तर त्याला उत्तर देता येईल असा प्रश्न विचारणं. ‘फ्युएल सप्लाय ओके आहे का’ हा प्रश्न नाही. ‘फिल्टरवरचा हँड पंप दाबा, कडक लागतो की मऊ, आणि किती वेळा दाबल्यावर कडक होतो’ हा प्रश्न आहे. मऊच राहिला तर एअर घेतेय, हे मग तोच मला सांगतो.

एका गोष्टीला मात्र मी ओरडते. रस्त्यावरचा जुना मिस्त्री आला की पाना घेऊन नोझलचा पाईप ढिला करायला जातो, चालू इंजिनवर, कोणता सिलिंडर मिसिंग मारतोय ते बघायला. बाबाही तसंच करायचे, त्या काळच्या पंपाला ते चालून जायचं. आताच्या कॉमन रेलमध्ये हजार-दीड हजार बारच्या वर प्रेशर असतं, पाईप सुटला तर डिझेलची ती बारीक धार कातडीतून आत शिरते, हात कापायची वेळ येते. त्या वेळी मी ‘कृपया’ वगैरे काही म्हणत नाही. ‘पाना खाली ठेवायला सांगा त्याला, आत्ता,’ असं म्हणते, आणि ते रेकॉर्डिंगमध्ये माझ्या नावावर उद्धटपणा म्हणून लागलेलं आहे.

युरियाचं प्रकरण तर नाजूक. नव्या डिझेल ट्रकला धुरातला नायट्रोजनचा विषारी भाग कमी करायला युरियाचं पाणी लागतं, ३२.५ टक्के युरिया आणि बाकी शुद्ध पाणी, त्याची वेगळी टाकी असते. कोणीतरी पैसे वाचवायला त्यात साधं पाणी घालतो. गाडीला कळतं. ती आधी लाईट लावते, मग इशारा देते, मग पॉवर कट करते, वेगच धरत नाही. आता मी ड्रायव्हरला ‘युरियात पाणी घातलंत का’ असं विचारलं तर तो नाहीच म्हणणार, कारण कॉल रेकॉर्ड होतोय, मालकाला कळलं तर पगारातून जाणार, आणि खरं तर पैसे वाचवायला मालकानेच सांगितलेलं असायचीही शक्यता आहे. म्हणून मी विचारते, ‘मागच्या ड्रायव्हरने कधी चुकून साधं पाणी घातलं असेल का हो?’ तिकडे दोन सेकंद शांतता. मग, ‘हां, असू शकतं मॅडम, तो जरा तसाच होता.’ झालं. टाकी रिकामी करा, चांगला युरिया भरा. त्या मागच्या ड्रायव्हरने महाराष्ट्रभर किती घोटाळे करून ठेवलेत, आणि तो कुठेच सापडत नाही.

चोर्ला घाटातली एक केस सांगते. छोटा टेम्पो, मालीम जेटीवरून बर्फातले बांगडे घेऊन बेळगावला चाललेला. माझ्या स्क्रीनवर तो केरीच्या अलीकडेच थांबलेला दिसत होता, कारण पुढे रेंज नाही, गाडीने शेवटचं जे सांगितलं ते बऱ्याच आधीचं, पाणी १०४ डिग्री आणि कोड पी०४८०, म्हणजे रेडिएटरच्या फॅनचं सर्किट. ड्रायव्हर बेळगावकडचा मराठी, तो रेंज मिळेल तिथपर्यंत दोन वळणं खाली चालत येऊन बोलत होता आणि गाडीपाशी क्लीनर पोरगा. म्हणजे बघा, गाडी तिथे, फोन इथे, आणि मी पर्वरीला. प्रश्न एकेक करून विचारायची सोयच नाही, प्रत्येक उत्तराला तो चढ चढून जाणार आणि परत येणार.

म्हटलं, ‘दादा, आता जाल तेव्हा एवढं बघून या. रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही, काही झालं तरी नाही, प्रेशरखालचं पाणी असतं, तोंडावर येईल. शेजारची प्लॅस्टिकची बाटली बघा, कूलंट किती आहे. खाली रस्त्यावर हिरवं पाणी सांडलंय का. चावी लावा, फॅन फिरतो का. आणि फ्यूजच्या डब्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चित्र असतं त्याचा फोटो काढून आणा.’ गेला. आला तेव्हा धापा टाकत होता. कूलंट आहे, खाली काही सांडलेलं नाही, फॅन फिरत नाही, गाडी तापली की तो फिरायला पाहिजे. फोटो व्हॉट्सअॅपवर चढता चढेना, शेवटी त्यानेच वाचून दाखवलं, मोडक्या इंग्रजीत पण एकेक अक्षर बरोबर. फॅनचा फ्यूज कुठला ते सापडलं. परत वर. फ्यूजची तार शाबूत. मग उरला रिले. त्याच डब्यात हॉर्नचा रिले होता, त्याच्यावर तोच नंबर. म्हटलं, ‘हॉर्नचा काढून फॅनला लावा.’

तो म्हणाला, ‘अवो मॅडम, घाटात हॉर्न नसताना कसं जायचं?’

बरोबर होतं त्याचं. चोर्ल्याची वळणं, धुकं उतरत होतं आणि समोरून येणारी गाडी वळण संपेपर्यंत दिसत नाही. मी त्याने वाचून दाखवलेली यादी बघत विचार करतेय की दुसरा कुठला रिले बळी द्यायचा, दिव्यांचा नको, वायपरचा नको, तर तोच म्हणाला, ‘असू दे, पोराला खिडकीत बसवतो, त्याची शिट्टी हॉर्नपेक्षा मोठी हाय.’ फोन बंद. नंतर कणकुंबीच्या पुढे कुठेतरी रेंज आली असणार, गाडी माझ्या स्क्रीनवर जिवंत झाली, पाणी ९० डिग्री, चाललीय. कोडने मला फॅनचं सर्किट सांगितलं होतं हे खरं. पण फ्यूज, रिले, वायर, मोटर ह्यातलं काय ते त्या माणसाच्या पायांनी शोधलं, आणि हॉर्नचा प्रश्न तर त्याच्याशिवाय कोणाला सुटला नसता. केस बंद करताना सिस्टीममध्ये ‘रिझॉल्व्ड बाय’ ह्या रकान्यात माझं नाव आपोआप येतं.

सीझनला टुरिस्ट. त्यांच्याबद्दल फार लिहीत नाही, गोव्यात कोणालाही विचारा. रेंटची गाडी, काळ्या प्लेटवर पिवळे नंबर, मोरजीला समुद्रात जाताना बटण-स्टार्टची चावी खिशात. गाडी म्हणते चावी सापडत नाही. चावी धुवून पुसून स्टार्टच्या बटणाला टेकवून धरा आणि ब्रेक दाबून बटण दाबा, पुष्कळ गाड्यांत सुरू होते, कारण चावीची बॅटरी मेली तरी आत एक चिप असते ती जवळून वाचता येते. खारं पाणी त्या चिपपर्यंत गेलं असेल तर मात्र दुसरी चावी. इलेक्ट्रिक गाडीवाले तर फारच हादरतात, ऐंशी टक्के चार्ज दाखवत होती आणि आता दारच उघडेना. तिच्यात पण एक छोटी बारा व्होल्टची बॅटरी असते, साध्या गाडीसारखीच, ती उतरली की मोठ्या बॅटरीचं कनेक्शनच जुळत नाही आणि लाखोंची गाडी दगड. आणि जुलैत पाण्यातून घातलेल्या गाड्या. तिथे एकच सांगणं, बंद पडली असेल तर परत सेल्फ मारू नका. इंजिनात पाणी गेलं असेल तर पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि हजारांत होणारं काम लाखांत जातं. ‘परत मारलं होतं का’ विचारल्यावर मागचा ड्रायव्हर नसतो, म्हणून मग तिथे मेव्हणा असतो.

वरच्या लोकांचं म्हणणं वेगळं आहे. त्यांना कॉल किती मिनिटांत संपला ते हवं. चोर्ल्याचा तो कॉल त्यांच्या चार्टवर लाल आहे. कोड वाचा, पार्ट सांगा, टो पाठवा, पुढचा कॉल घ्या. आता म्हणतात आवाज ऐकून फॉल्ट सांगणारं एआय येणार. येऊ दे. टर्बोची शिट्टी आणि बेअरिंगची घुंई ते माझ्यापेक्षा चांगली ओळखेल, मला शंका नाही, थकणार नाही आणि जेवायला उठणार नाही. पण गाडीने जे मला सांगितलं ते चालवणाऱ्याला कोण परत सांगणार, हे त्या प्रेझेंटेशनमध्ये कुठल्या स्लाईडवर होतं ते मी शेवटपर्यंत बघत बसले होते.

मी माझ्यापुरतं एक करते. कॉल संपवताना कोड सांगते, नुसता नंबर नाही, त्याचा अर्थ, आणि काय बघितलं, काय निघालं. स्क्रिप्टमध्ये ‘ग्राहकास तांत्रिक तपशील देऊ नये’ असं लिहिलंय. ग्राहक म्हणजे मालक असं मी त्याचं समजून घेतलंय, ड्रायव्हरला सांगायला कुठे बंदी आहे. काही लोक ऐकून सोडून देतात. काही लिहून घेतात, बिल्टीच्या मागे, टोलच्या पावतीवर. सोलापूरकडचा एक ट्रकवाला आहे, त्याला मी कधीतरी पी००८७ समजावला होता. पठ्ठ्याने नंतर सॉकेटला लावायचं ते छोटं ब्लूटूथ यंत्र विकत घेतलं, काही शेकड्यांत मिळतं, आणि मोबाईलवर अॅप टाकलं. परवा त्याचा फोन आला. मी सवयीने सुरू केलं, नमस्कार, आपली कशी मदत करू, गाडी सुरक्षित जागी आहे का.

‘दगड लावलाय, ट्रँगल लावलाय, कोड परत तोच आलाय, फिल्टर कालच बदललाय आणि हँड पंप कडक हाय,’ तो एका दमात म्हणाला. ‘माझ्या अॅपवर रेलचं प्रेशर येत नाही, तुमच्याकडं येतं. सेल्फ मारताना किती चढतंय तेवढं फक्त वाचा, बाकीचं मी बघतो.’

मी आकडे वाचायला लागले, तो सेल्फ मारत होता.